‘नको’चा सराव

“हात दाखव,” आयरीन म्हणाली, आणि चैतन्यने दोन्ही हात ताबडतोब पुढे केले.

डावा हात ठीक होता. उजव्या तळव्याला मनगटापर्यंत पट्टी होती आणि पट्टीतून पिवळट मलम वर आलं होतं. सत्तावीस वर्षांचा, सहा फुटी, दाट दाढीचा तो तरुण तिच्या केबिनमधल्या खुर्चीत ताठ बसला होता. तिचं पाहून झालं तरी त्याचे हात तसेच हवेत राहिले. ते खाली घे असं तिने सांगितलं नव्हतं.

“खाली घे रे,” ती म्हणाली. त्याने घेतले.

शेजारी त्याची आई, रत्नप्रभाताई, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं. चैतन्य कांदिवलीला मोठ्या झालेल्या विशेष मुलांच्या एका कार्यशाळेत मेणबत्त्या करायला जायचा. तिथे नवा आलेला एक माणूस वितळलेल्या मेणाचं पातेलं घेऊन निघाला होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “हे धर, आलोच,” असं म्हणून त्याने पातेल्याचा दांडा चैतन्यच्या हातात दिला आणि फडकं स्वतःच्या खांद्यावर टाकून तो बाहेर गेला. दांडा तापलेला होता. तो माणूस परत येईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. चैतन्यने दांडा सोडला नाही. ओरडलाही नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी सांगत होती की तो नुसता गुणगुणत होता.

“कुणी सोड म्हणालं नाही ना त्याला,” रत्नप्रभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलगा किती शहाणा आहे हे सांगावं तसं त्या सांगत होत्या.

आयरीनला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

तिचा जन्म गोराईचा. बाप मच्छीमार. फेरीबोटीतून खाडी ओलांडून ती बोरिवलीला कॉलेजात आली, शिकत गेली, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाली. त्या काळात उपनगरात ऑटिझम हा शब्द माहीत असलेले डॉक्टरही मोजकेच होते. मुलाला वेड लागलंय, बाहेरचं काही झालंय, आईचं लक्ष नाही, असं ऐकत आयाबाया दारोदार फिरायच्या. अशाच फिरत फिरत रत्नप्रभाताई चार वर्षांच्या चैतन्यला कडेवर घेऊन तिच्याकडे आल्या होत्या. तो भिंतीवर डोकं आपटायचा, कपडे फाडायचा, रात्र रात्र झोपायचा नाही. त्याचे वडील चंद्रप्रकाश दारातच उभे राहिले होते, आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

आयरीन तेव्हा जे शिकली होती तेच तिने केलं. रोज चार तास, छोटं टेबल, दोन छोट्या खुर्च्या. ‘हात खाली.’ ‘बस.’ ‘इकडे बघ.’ ऐकलं की बिस्किटाचा तुकडा आणि शाबासकी. नाही ऐकलं तर ऐकेपर्यंत उठायचं नाही. मूल रडून, ओरडून, चावून सुटू पाहतं. त्याला सुटू द्यायचं नाही, नाहीतर रडून सुटका होते हेच ते शिकतं, असं पुस्तकात होतं. चैतन्य पहिल्या महिन्यात रोज रडला. एकदा सलग पन्नास मिनिटं. आयरीनने त्याची मनगटं टेबलावर धरून ठेवली, हळुवारपणे पण घट्ट, आणि एकाच सुरात सांगत राहिली. पन्नासाव्या मिनिटाला तो थांबला आणि त्याने हात खाली ठेवले. बाहेर बसलेल्या रत्नप्रभाताईंनी आत येऊन तिचे पाय धरले होते.

दीड वर्षात तो जेवायला शिकला, संडासला सांगायला शिकला, चाळीस सूचना ओळीने पाळायला लागला. त्या चाळीस सूचनांची व्हिडिओ टेप आयरीनने किती कार्यशाळांत दाखवली असेल. त्या टेपवर तिचं नाव झालं. बोरिवली पश्चिमेला पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून तिने सेंटर उभं केलं. आता तिथे आठ मुली काम करत होत्या आणि प्रवेशासाठी दीडेकशे पालक रांगेत होते. प्रत्येक पालक एकच विचारायचा, हा ऐकायला कधी लागेल?

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. विन्सेंट बँकेतून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. तो म्हणाला की चूक त्या फोनवाल्या माणसाची आहे. ती म्हणाली, त्याची आहेच. पण दुसरं कुठलंही पोर दांडा टाकून पळालं असतं. याला पळायचं नाही हे मी शिकवलंय.

“तेव्हा सगळे तसंच शिकवत होते ना,” विन्सेंट म्हणाला.

“सगळ्यांच्या हाताला पट्टी नाही बांधलेली,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रत्नप्रभाताईंना फोन केला आणि सांगितलं की मंगळवारी आणि शुक्रवारी चैतन्यला माझ्याकडे पाठवा, मला त्याला एक गोष्ट शिकवायची राहिली आहे. त्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. ताईंना ते नीटसं कळलं नाही, पण मॅडमच्या शब्दाबाहेर त्या आजवर गेल्या नव्हत्या.

‘नको’ शिकवणं किती कठीण असतं याची आयरीनला कल्पना नव्हती. चैतन्यला सोललेलं केळं आवडत नाही, त्याचा बुळबुळीत स्पर्शच त्याला सहन होत नाही, हे तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं. तिने केळं पुढे ठेवलं आणि “खा” म्हणाली. त्याने खाल्लं. घास गिळताना त्याचे डोळे भरून आले, मान आखडली, तरी त्याने शेवटचा तुकडा संपवला आणि हात मांडीवर ठेवले. दोन आठवडे हेच चाललं. मग सेंटरमधली श्रुतिका त्याच्या मागे उभी राहून कानाशी “नको म्हण” असं सांगायला लागली. तो “नको” म्हणाला की केळं लगेच उचलायचं. चार तासिकांत तो झटपट म्हणायला लागला.

श्रुतिका पंचवीस-सव्वीसची, चुणचुणीत मुलगी. सेशन संपल्यावर ती वही मिटत म्हणाली, “मॅम, पण हे तर तो आपण सांगितलं म्हणूनच म्हणतोय ना?”

आयरीनने न खाल्लेलं केळं उचलून डब्यात टाकलं.

सहाव्या आठवड्यात ते घडलं तेव्हा कुणी शिकवत नव्हतं. तास संपला होता. चैतन्य जिगसॉचे तुकडे जुळवत बसला होता, कोकणातल्या कुठल्याशा किल्ल्याचं चित्र होतं. आयरीनने नेहमीच्या सवयीने खोका पुढे केला आणि “चल, आवरून टाक” म्हणाली. त्याने हात लांबवला, मागे घेतला. मग पट्टी निघालेला, नव्या गुलाबी कातडीचा तळवा त्याने चित्रावर पालथा ठेवला.

“नको,” तो म्हणाला.

श्रुतिकाने आयरीनकडे पाहिलं. आयरीनने खोका खाली ठेवला. ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि बराच वेळ आत राहिली. त्या दिवशी चैतन्यचं चित्र पूर्ण होईपर्यंत पुढचा तास सुरू झाला नाही.

तीन आठवड्यांनी रत्नप्रभाताई एकट्याच आल्या. डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. या वेळी त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलू लागल्या. चैतन्य आता शर्टाला नको म्हणतो. जेवणाला नको. कार्यशाळेला नको. नऊ दिवस अंघोळ नाही, शेजारच्या जान्हवीने वासाबद्दल हटकलं. बाथरूमकडे न्यायला हात धरला तर त्याने झटकला आणि त्या दारावर आपटल्या. त्याला मारायचं नव्हतं, पण एवढा थोरला गडी, त्याचं झटकणंही तेवढंच.

आयरीनने त्यांना बसवलं. दोन शर्ट पुढे ठेवा, त्याला निवडू द्या. अंघोळ सकाळी की संध्याकाळी ते त्याला ठरवू द्या. नको म्हणाला तर थोडं थांबून परत विचारा, असं सगळं सांगितलं. ते बरोबरच होतं. ताई ऐकून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या,

“मॅडम, तुमच्याकडे तो आठवड्याचे दोन तास असतो. हे गेल्यापासून बाकीचे सगळे तास माझ्याकडे. मी बासष्ट वर्षांची आहे. तो ऐकतो म्हणून मी त्याला सांभाळू शकते. उद्या मी नसले तर जिथे कुठे ठेवतील तिथेही ऐकतो म्हणूनच ठेवतील. नको म्हणणाऱ्याला कोण ठेवून घेणार?”



“ते परत काढून घ्या तुम्ही,” ताई म्हणाल्या. “तुम्हीच दिलंय.”

आयरीन म्हणाली की ते काढून घेता येत नाही, आणि येत असतं तरी तिने घेतलं नसतं. ताईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या की तीन दिवस झाले, फिटची गोळीही तो नको म्हणतोय.

हे आधी का नाही सांगितलं, असं आयरीन म्हणणार होती. ती म्हणाली नाही. चैतन्यला फिट्स विसाव्या वर्षी सुरू झाल्या होत्या; गोळी चुकली की काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं. तिने चैतन्यच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले की आजच्या आज गोळी पोटात गेली पाहिजे, नाहीतर त्याला दाखल करा. सेंटरमध्ये बारा मुलं यायची होती. श्रुतिकाला सांभाळायला सांगून ती ताईंबरोबर रिक्षात बसली.

कुलूपवाडीतलं ते घर तिला पाठ होतं. चैतन्य पलंगाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला होता. दाढी वाढलेली, बनियन मळलेलं. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. “आयरीन मॅडम,” तो म्हणाला. आपणहून म्हणाला. तिने जवळ बसून गोळी दाखवली, पाण्याबरोबर घेणार की ताकाबरोबर असं विचारलं. “नको.” थोड्या वेळाने परत विचारलं. “नको.” मग गोळी केळ्यात नाही, गुळात घालून देऊ का असं विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “नको.” त्याला तो शब्द आवडत होता हे तिला दिसत होतं. बोलायला उशिरा लागलेल्या मुलाला पहिला शब्द आवडतो तसा. असा तास गेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

शेवटी आयरीन उठली. त्याच्या समोर उभी राहिली. तो आवाज तिने कित्येक वर्षांत काढला नव्हता. सेंटरमधल्या मुलींनाही तो काढायला तिने बंदी केली होती.

“चैतन्य. हात खाली.”

त्याचे हात मांडीवर गेले. पाठ ताठ झाली. चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून टाकावं तसं गेलं.

“तोंड उघड. गोळी. पाणी. गिळ.”

त्याने गिळली. तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून दाखवली. तेही तिनेच कधीतरी शिकवलं असणार. आयरीन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. गोळी आवश्यकच होती, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. फिट आली असती, डोकं फुटलं असतं, काहीही झालं असतं.

ताई पुढे आल्या. त्यांच्या हातात टॉवेल होता.

“मॅडम, आलाच आहात तर अंघोळीचंही सांगा. तुमचं ऐकतोय तोवर.”

अंघोळीवाचून कुणाचा जीव जात नाही. हे आयरीनला कळत होतं. तिने ताईंच्या मनगटावरचं बँडेज पाहिलं. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं. उद्या, परवा, तेरवा, दर सकाळी या खोलीत ही दोनच माणसं असणार होती, आणि ती स्वतः सेंटरमध्ये कुणा दुसऱ्या आईला दोन शर्ट पुढे ठेवा म्हणून सांगत असणार होती.

“ऊठ,” ती म्हणाली. आवाज तोच होता. “टॉवेल घे. बाथरूम. अंघोळ कर.”

तो उठला. टॉवेल घेतला. तिच्या बाजूने गेला तेव्हा तिच्याकडे न पाहता गेला.

आतून बादलीचा आवाज आला. मग पाण्याचा पहिला तांब्या, आणि पाठोपाठ त्याचा आवाज, साधा, सपाट.

“नको.”

दुसरा तांब्या. “नको.” तिसरा. “नको.” थांबत नव्हता, घाईही करत नव्हता. प्रत्येक तांब्याबरोबर एकदा. साबण लावताना थोडा गप्प राहिला, मग पुन्हा पाणी आणि पुन्हा तेच.

आयरीन जमिनीकडे बघत बसली होती. ताईंनी तिच्यासमोर चहा ठेवला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडले होते. त्या मोरीच्या दिशेने कान देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“बोलू दे त्याला, मॅडम. अंघोळ होतेय ना.”

बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. त्याच्यावर लक्ष राहावं म्हणून ताई ते तो लहान असल्यापासून उघडंच ठेवत आल्या होत्या, आणि आता त्यातून भिजलेली रुंद पाठ आणि तांब्या उचलणारा हात बाहेरच्या खोलीतून सरळ दिसत होता. आयरीन उठली. आत न पाहता तिने कडीला हात घातला आणि दार हलकेच ओढून बंद केलं.