घुसळखांबाचा पहिला गोळा

ईट गावी मथुराबाईंचं स्लॅबचं घर झालं, तेव्हा त्यांनी गवंड्याला बजावलं होतं, फरशी कसलीबी घाल, पण स्वैपाकघरात माझ्या घुसळखांबाला जागा सोड. गवंड्यानं डेऱ्यातली रवी बांधायला खांब रोवला. लोणी निघालं की पहिला बोराएवढा गोळा त्या खांबाला लावायचा. अन् ज्याच्या हातानं लोणी निघालं, त्यानंच लावायचा, ही घरची रीत. सासूबाई गेल्या तेव्हापासून तिथं मथुराबाईंचंच बोट लागत आलं. सून दैवशाला हिला येऊन अठरा वर्षं झाली, तिच्या वाट्याला डेरा विसळणं.

पण दिवाळीपासून बाईंचा उजवा खांदा धरला होता. सांगायची सोय नव्हती. सांगितलं की रवीची दोरी सुनेच्या हाती गेली, अन् दोरी गेली की आपण खाटंवर बसून शेंगा फोडायच्या.

त्या दिवशी थंडी मरणाची. बाई अर्धा तास घुसळत होत्या, डेऱ्यात नुसती घळघळ. त्यात शेजारची सिताबाई पदराखाली तांब्या घेऊन दारात हजर.

"ताक झालं का वं आक्का? कढी करायचीय."

"ताकाला आलीस तर भांडं कशाला लपवतीस? ठिव तिथं अन् बस. लोणी काय तुझ्या नवऱ्यावानी हाक मारली की येतंय व्हय?"

सिताबाई हसत उंबऱ्यावर टेकली. आता बघायला माणूस आलं म्हटल्यावर बाईंना घाई सुटली. चुलीवरचं पाणी त्यांनी तांब्याभर डेऱ्यात ओतलं. कोमट नव्हे, चांगलं कढत. ज्या चुकीवरून गावातल्या नव्या सुनांना जन्मभर बोलल्या, तीच. लोणी आलं ते फेसासारखं, सैल, गोळा होईना. अन् खांदा तर वर उचलेना.

दैवशाला भाकरी तव्यावर टाकून उठली. माठातलं गार पाणी तिनं डेऱ्यात धार धरून सोडलं, समोर बसली अन् दोरीचं एक टोक हातात घेतलं.

"तुला काय येतंय?"

"अठरा वर्षं ऐकतेय की, आत्याबाई. वढा तुमी."

बाईंनी डाव्या हातानं दुसरं टोक ओढलं. पहिल्यांदा ताल चुकला.

"अगं, हिरीतनं बादली न्हाय काढायची! हळू."

मग जमलं. घळघळ बसली, रवी जड लागायला लागली, अन् लोणी रवीला बिलगून वर आलं.

बाईंनी बोराएवढा गोळा काढला. खांबाकडं बघितलं. सिताबाईबी बघत होती. तिला रीत ठाऊक होती, अन् दुपारपर्यंत ती हे आळीभर करणार होती.

"धर," त्या सुनेला म्हणाल्या, "लाव."

"तुमीच लावा. निम्मं तुमीच वढलंय."

"निम्म्यानं लोणी निघत न्हाय. लाव म्हणते ना. उद्या तू घुसळायचं, म्या हितंच समोर बसणार. अन् पाणी बोट बुडवून बघितल्याबिगर घालायचं न्हाय."

"आज तर पाणी तुमीच—"

"म्हणूनच सांगतेय," म्हणत मथुराबाईंनी सिताबाईचा तांब्या पुढं ओढला.