द्रोणाखालची अक्षरं

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या त्या सभागृहात पंखे जोरात फिरत होते, तरी कुणी स्वस्थ बसत नव्हतं. पुढची जागा मिळावी म्हणून माणसं खुर्च्या ओढत होती, मोबाइल उंच धरत होती. मंचावर अक्षरबाबांनी चांपा सोरेनच्या कपाळाला अंगठा टेकवला. पुरुलियाच्या डोंगरातून आणलेली ही संथाळ बाई.

"हिने जन्मात अक्षर पाहिलेलं नाही," बाबा हिंदीत म्हणाले. "आता विद्या अंगठ्यातून उतरेल."

चांपा हातातला संथाली कागद वाचू लागली. टाळ्या कडाडल्या. संथाली तिथे एकालाही येत नव्हती, पण टाळ्यांना भाषा लागत नाही.

चांपाच्या पाड्यावर बाहा तुडू, माझी बाहादी, साक्षरता वर्ग चालवते. मी सुट्टीत तिच्याकडे राहून आले होते, पण चांपाशी तेव्हा गाठ पडली नव्हती. वर्ग ज्या संस्थेच्या आधारावर चालतो, तिचे अध्यक्ष माझे अविनाशकाका.

"केतकी, तुझ्या बाहादीला दोन वर्षं लागतात. इथे दोन मिनिटं," काका म्हणाले. चहानंतर ठराव होता: वर्ग बंद, त्या जागी बाबांचे दीक्षासोहळे. मी बाहादीला फोन करून बोलावलं होतं, पण गाडी उशिरा धावत होती. माझी नजर सारखी दाराकडे जात होती.

मग चांपाचं बोट दिसलं. ते ओळीखालून सरकत होतं. एका शब्दापाशी थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. अंगठ्यातून उतरलेली विद्या अडखळेल कशाला? अडखळतो तो शिकलेला माणूस.

तिला एक प्रश्न विचारू का, असं मी म्हटलं. बाबांनी डोळे मिटून नियम सांगितला. दीक्षा घेतलेल्याने तीन तास मौन पाळायचं, नाहीतर शक्ती गळते. शिवाय शंकेखोरांच्या कंपनांनी अक्षरं पुसली जातात. या कंपनांची वारंवारता किती, असं मी विचारल्यावर मागच्यांनी मला खाली बसवलं.

प्रसादाची बुंदी आली, साल वृक्षाच्या पानांच्या द्रोणांत. हे द्रोण गेल्या आठवड्यातच चांपाच्या पाड्यावरून मागवलेत, असं सेवेकरी अभिमानाने सांगत होता. तेवढ्यात बाहादी आत आली, धापा टाकत. तिने एक द्रोण उचलला, खालून पाहिला, आणि सरळ मंचावर गेली.

तिला पाहताच चांपाचं मौन सुटलं. दोघी संथालीत भराभर बोलल्या. मग बाहादीने बंगालीत सांगितलं: चांपा दोन वर्षं वर्गात येतेय. कोलकात्यात वर्गाची परीक्षा आहे, अंगठा लागला की वाच, असं तिला सेवेकऱ्यांनी सांगितलं होतं. बाबांचं हिंदी तिला कळलंच नव्हतं.

"ही हिच्याच गोटातली," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पुरावा काय?"

"तुमचा प्रसाद," बाहादी म्हणाली. "सगळ्यांनी द्रोण उलटे करा."

पाड्यावर बायका पानं टाचता टाचताच शिकतात. पाटी नसते, काट्याने पानावर धडा गिरवतात, आणि तेच पान द्रोणाला लावतात, लिहिलेली बाजू खाली. सभागृहभर बुंदी सांडली. प्रत्येकाच्या हातात तपकिरी, वेडीवाकडी अक्षरं होती. दीक्षा आजची, अक्षरं गेल्या आठवड्यातली.

चांपा खाली उतरली, रांगेतून पानं बघत काकांपाशी थांबली आणि तिने त्यांच्या द्रोणावर बोट टेकवून वाचलं, "चांपा सोरेन."

काकांच्या मांडीवर बुंदी होती. ती झटकायचंही त्यांना सुचलं नाही. "केतकी, आपण हिलाच विचारलं नाही," ते म्हणाले, आणि ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. वर्ग चालू राहणार होता. तरी दाराशी दोघंतिघं मुलांच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी बाबांचा अंगठा मागत होतीच.

त्यांना आणि तुम्हालाही एवढंच सांगते: ज्याच्यावर चमत्कार झाला म्हणतात, त्याला आधी त्याच्या भाषेत विचारा. आणि टाळ्या वाजवण्यापूर्वी हातातला द्रोण एकदा उलटा करून पाहा.