एका गल्लीतले दोन चौदा

त्या गल्लीत घरांना नंबर दिले होते ते घरं ज्या क्रमानं बांधली गेली त्या क्रमानं. त्यामुळे तीनच्या शेजारी एकेचाळीस, एकेचाळीससमोर नऊ आणि नऊच्या मागं अठ्ठावीस असा सगळा सावळागोंधळ. मध्यंतरी नगरपालिकेला शिस्तीचा झटका आला. माणसं शिड्या घेऊन आली, एका टोकापासून नवे नंबर रंगवायला लागली आणि अर्धी गल्ली झाल्यावर जी गेली ती गेलीच. रंग संपला की उत्साह, कुणास ठाऊक. तेव्हापासून गल्लीत चौदा नंबरची दोन घरं झाली. पिनकोडाचं म्हणाल, तर तो अर्ध्या शहराला एकच होता.

त्यातल्या नव्या चौदात पडदेवाली राहायची. खिडक्यांची मापं घ्यायला ती स्वतःच लोकांच्या घरी जायची आणि घरी येऊन लांबलचक टेबलावर कापड पसरून शिवत बसायची. कुरिअरवाले फोनवर रडकुंडीला यायचे. मागच्या वर्षी तर पोपटांच्या छापाचं भारी मखमली कापड असंच कुठंतरी गडप झालं होतं. तेवढं सोडलं तर तिची काही तक्रार नव्हती. ज्या घरी कुणी पोचत नाही, त्या घरी पाहुणेही येत नाहीत. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि घरी आल्यावर फारसं बोलायचा नाही. तिचं छान चाललं होतं.

आणि एके दिवशी वन्संचा फोन आला.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. बाई मायाळू, पण आल्या की पदर खोचून स्वयंपाकघरात शिरायच्या आणि सगळे डबे हलवायच्या. "असं ठेवलं की कसं हाताशी येतं बघ!" म्हणायच्या. त्या गेल्यावर पडदेवालीला मीठ शोधताना घाम फुटायचा.

"रविवारी येतेय गं. नव्या घराचा पत्ता सांग."

पडदेवालीनं सांगितला. घर नंबर, गल्ली, वस्ती, पोस्ट, पिनकोड. एक अक्षर खोटं नाही.

"अगं, एखादी खूण तरी सांगायची," नवरा म्हणाला.

"पूर्ण पत्ता दिलाय की! अजून काय देऊ?" असं म्हणून तिनं मशीन सुरू केलं.

रविवारी वन्संनी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी सोडली आणि फोन केला. "मी नऊ नंबरापाशी उभी आहे. पुढं?"

"आलंच की मग! सरळ या, निळं फाटक दिसेल."

गल्लीतल्या रंगाच्या दुकानदारानं कधीकाळी उरलेला निळा रंग सगळ्यांच्या गळ्यात मारला होता. निळं नाही असं फाटकच तिथं नव्हतं. पडदेवाली वरच्या खोलीत पडद्याआड उभी राहून खाली बघत होती. चाकांची बॅग ओढत, डोक्यावर छत्री धरून वन्सं खालून गेल्या. पुढं जाऊन परत आल्या. दुसऱ्यांदा तर अगदी खिडकीखाली थांबून त्यांनी घाम पुसला. हसू फुटू नये म्हणून पडदेवालीनं पडद्याचं टोक तोंडात धरलं. तिला त्यांना परत पाठवायचं नव्हतं हो. जरा भटकू दे, जरा दमू दे, मग डबे हलवायचं त्राण उरणार नाही, एवढाच तिचा बेत.

पण वन्सं वळणापलीकडे गेल्या त्या परत दिसल्याच नाहीत. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तेच. ऊन कडक, बाईचं वय झालेलं. तिनं नवऱ्याला पिटाळलं. तो गेला आणि तोही आला नाही. जेवण गार व्हायला लागलं. शेवटी गळ्यात मापाची टेप तशीच, पायात घरातल्या चपला, अशी ती स्वतः निघाली.

वळणावर जुना चौदा नंबर होता. आतून हसण्याचा गडगडाट येत होता. तिनं दार ढकललं.

गोल टेबलाभोवती तिघं बसले होते. एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा आणि मध्ये पांढऱ्या मिशांचे घरमालक, निवृत्त बँडमास्तर. तिघांच्या हातात पत्ते.

"वन्सं! फोन का उचलत नव्हता?"

"हात मोकळा कुठं होता?" वन्सं पत्ते नाचवत म्हणाल्या. "तुझा पत्ता काही लागला नाही बाई, पण हे पत्ते मात्र झकास लागलेत."

"आणि तुम्ही?" तिनं नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"एकच डाव म्हणून बसलो," तो पुटपुटला.

ती आणखी बोलणार होती, पण तेवढ्यात तिची नजर खिडकीवर गेली. खिडकीवर पोपटांच्या छापाचं मखमली कापड टांगलं होतं. सगळे पोपट खाली डोकं वर पाय.

"हे... हे तुम्हाला कुठं मिळालं?"

"आलं आपोआप!" बँडमास्तर अभिमानानं म्हणाले. "पार्सलवर नाव पुसलेलं, पण चौदा नंबर स्पष्ट. कुरिअरवाला म्हणाला, तुमचंच असणार. मला वाटलं, जुन्या शिष्यांनी भेट पाठवली."

"ते माझं आहे! आणि उलटं लावलंय!"

"उलटं?" बँडमास्तर मान वाकडी करून बघत राहिले. "मला वाटलं, वटवाघळं आहेत."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांच्या हातातले पत्ते खाली पडले. बँडमास्तर ओशाळून चहा ठेवायला आत गेले, नवरा त्यांच्या मागोमाग सटकला. दोघीच उरल्यावर वन्सं वाकून पत्ते गोळा करू लागल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझ्या वरच्या खोलीचा पडदा छान शिवलायस. पण वारा नसताना फार हलतो."

पडदेवालीचे कान तापले.

"म्हणजे... तुम्ही पाहिलंत?"

"दुसऱ्यांदा मुद्दाम खाली थांबले. म्हटलं, आता तरी हाक मारशील."

"मग वर का नाही आलात?"

"बोलावल्याशिवाय कशी येऊ?" वन्संच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "इतकी नकोशी वाटते का गं मी?"

पडदेवाली गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नाही हो, वन्सं. ते डबे. तुम्ही गेल्यावर मला मीठ सापडत नाही."

वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मग सांगायचं ना! मला वाटायचं, तुझी सोय करतेय."

"चला घरी. जेवण गार झालंय."

"गार झालंच आहे तर आणखी होऊ दे. बस. जोडीनं खेळायला चौथा भिडू नाही म्हणून अडलंय. तू माझ्या बाजूनं. आणि ऐक," वन्संनी आवाज खाली आणला, "हुकूम चांगला असला तर मी कान खाजवेन."

"आणि वाईट असला तर?"

"तर खोकेन."

चहा आला. पत्ते वाटले गेले. वन्संनी इतक्या जोरात कान खाजवला की बँडमास्तरांनी काळजीनं तेल हवं का म्हणून विचारलं.

वन्सं आठवडाभर राहिल्या. त्यांनी एकाही डब्याला हात लावला नाही, म्हणजे हात पुढं जायचा आणि त्या तो स्वतःच दुसऱ्या हातानं मागं ओढायच्या. पोपट सुलटे झाले, पण बँडमास्तरांच्याच खिडकीवर राहिले. ते काढून आणायचा पडदेवालीला धीर होईना. रोज दुपारी चौघं तिथं जमायचे, आणि दोघी नणंद-भावजय मिळून त्या दोन पुरुषांना असं काही लुबाडायच्या की बँडमास्तर पत्ते टाकून म्हणायचे, "घरात या दोघींचं कधी पटतं तरी का हो?"

"मुळीच नाही," दोघी एकदमच म्हणायच्या, आणि वन्सं पुन्हा कान खाजवायला लागायच्या.