सामान्य माणसाचे चारशे अकरा अभिप्राय

"पीएचडी म्हणे संवादावर. आणि इथं कुणी कुणाशी धड बोलेल तर शपथ."

शिपाईमामा टेबलाखाली शिरून संगणकाची सैल वायर खोचत होते आणि हे सगळं बाईंच्या चपलांना सांगत होते. बाईंनी पाय जरा बाजूला घेतले आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवीस वर्षं या विभागात टायपिस्ट म्हणून काढल्यावर ही कला माणसाला आपोआप येते.

नाव लोकसंवाद विभाग. पाटी पितळी, अक्षरं ठसठशीत. आत बोळासारखा अरुंद व्हरांडा, त्याला चार दारं, चारही लावलेली. विभागप्रमुख सर आणि शेजारच्या खोलीतले प्राध्यापक यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती, पण व्यवहार सगळा लेखी. सरांचं पत्र घेऊन मामा निघत, सहा पावलं चालत, शेजारचं दार वाजवत आणि सही घेऊन परत येत. त्यामुळे त्या प्राध्यापकांचं नावच 'पोचपावती' पडलं होतं. सरांना विद्यार्थी 'प्रस्तावना' म्हणत, कारण त्यांचं बोलणं प्रस्तावनेच्या पुढे सरकलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तोवर तास संपायचा.

बाई शाळेत दहावीपर्यंतच गेल्या. पुढचं सगळं शिक्षण प्रबंध टाइप करता करता झालं. एकसष्ट प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेले होते. प्रत्येकाच्या पहिल्या प्रकरणात समाज संक्रमणातून जात असे आणि शेवटच्या प्रकरणात अधिक संशोधनाची गरज भासे. मधल्या तीनशे पानांत समाज होता तिथंच बसलेला असे, बिचारा. पण वाचून वाचून बाईंना एक कळायला लागलं होतं, की कुठल्या वाक्याला कणा आहे आणि कुठल्याला नुसताच कोट चढवलाय.

बासष्टावा प्रबंध 'मुदतवाढ'चा. वय सदतीस, पदरी एक मुलगी, एका कॉलेजात तासिकेवर शिकवणी. सात वर्षांत चार मुदतवाढी झाल्या होत्या आणि नियमात पाचवी नव्हती. कॉलेजनं कायमची जागा त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. महिनाअखेर तेरा दिवसांवर आली होती.

विषय असा, की शहराच्या तक्रारींचं जे पान समाजमाध्यमावर आहे, पाणी, दिवे, बस वगैरे, तिथं लोक एकमेकांशी कसे बोलतात. त्यानं दोन हजार कॉमेंट गोळा केल्या. प्रत्येक कॉमेंटवर शिक्का मारायचा, संयत, तुच्छ किंवा शिवीगाळ. पण एकट्यानं मारून चालत नाही. दुसऱ्या माणसानं, पहिल्याला न विचारता, त्याच दोन हजारांवर आपले शिक्के मारायचे आणि मग दोघांचं किती जुळतं ते बघायचं. शंभरात ऐंशी जुळले तर संशोधन खरं. नाही जुळले तर सात वर्षं नदीत.

दुसरं माणूस कोण, यावर सरांनी फार वेळ घालवला नाही. म्हणाले, बाईंना घ्या, त्यांना काही मतं नसतात.

बाईंनी चष्मा पुसला आणि कामाला बसल्या. रोज दुपारी दीड तास. शिवीगाळ ओळखायला अक्कल लागत नाही. शिवी आली की शिक्का. संयत माणसंही बरीच निघाली. कुणी गळक्या नळाचा फोटो टाकून तीनदा विनंती करत होतं, कुणी अनोळखी बाईला कचऱ्याच्या गाडीची वेळ सांगत होतं. अडलं ते एकाच खात्याशी. खात्याचं नाव 'सामान्य माणूस', फोटोच्या जागी रस्त्यावरचा दिव्याचा खांब. दोन हजारांतल्या चारशे तेरा कॉमेंट या एकट्याच्या.

एकानं लिहिलं होतं, आमच्या गल्लीत आठ दिवस पाणी गढूळ येतंय. त्यावर सामान्य माणूस लिहितो, "बंधो, पाणी गढूळ आहे की आपली दृष्टी, याची एकवार खातरजमा करावी. सस्नेह."

मुदतवाढनं यावर शिक्का मारला होता संयत. त्याच्या नियमावलीत स्पष्ट होतं, की अपशब्द नाही, एकेरी उल्लेख नाही, शेवटी स्नेहभाव आहे. या खात्यावर तर त्यानं आख्खं चौथं प्रकरण बेतलं होतं. शीर्षक 'आदर्श सहभागी नागरिक'. सर त्या प्रकरणावर बेहद्द खूश होते. बाकीच्या प्रकरणांवर लाल शाई, याच्यावर मात्र समासात 'सुंदर', 'मार्मिक', एके ठिकाणी 'अजून विस्तार करावा'.

खूश असणारच. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या संगणकावर सर काहीतरी करून उठले आणि पान उघडंच राहिलं. आधी मामांनी पाहिलं. मग पोचपावती काहीतरी छापायला आले, त्यांनी पाहिलं आणि न छापताच गेले. मुदतवाढ मुदतवाढीचा अर्ज घेऊन आला होता, त्यानंही पाहिलं. दिव्याचा खांब, खाली अर्धं लिहिलेलं वाक्य, चमकणारी रेघ. शेवटी बाईंनी ते पान बंद केलं आणि कीबोर्डवर फडकं मारलं, जणू काही सांडलं होतं. त्यानंतर चौघांपैकी एकानंही त्याबद्दल 'ब्र' काढला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसा विभागभर, आणि त्यात सगळ्यांना व्यवस्थित दिसत होतं.

बाईंनी चारशे अकरा कॉमेंटवर 'तुच्छ' मारलं. दोन संयत निघाल्या. त्यातल्या एकीत नुसतंच 'धन्यवाद' होतं.

एकमत भरलं पंच्याहत्तर टक्के.

मुदतवाढ बाईंच्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. आधी उकाड्याबद्दल बोलला, मग मुलीच्या दाताबद्दल. मग म्हणाला की बाकी सगळं छान जुळतंय, फक्त एका खातेदाराच्या बाबतीत जरा फरक पडतोय. बाई म्हणाल्या, हो, पडतोय. तो म्हणाला, त्याची भाषा तशी सभ्य आहे. बाई म्हणाल्या, भाषा सभ्यच आहे रे, थोबाडीत मारताना हातमोजा घातलाय त्यानं. यावर तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. नियमानं दोघांनी बसून चर्चा करून शिक्के बदलता येतात, एवढं सांगून तो गेला. जाताना टेबलावरची टाचणी उचलून परत टाचण्यांच्या डबीत ठेवून गेला. बाईंना त्याची दया आली आणि रागही आला. दोन्हींचं एकमत काही होईना.

घरी नणंदेला सांगितलं. नणंद त्यांच्याकडेच राहायची. बत्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून उभी राहिली, निवृत्त झाली तेव्हा गुडघे संपलेले. दीड वर्षापूर्वी तिनं त्या पानावर आयुष्यातली पहिली तक्रार लिहिली होती, बसथांब्यावर बाक नाही म्हणून. चार वाक्यं, तीनदा वाचून घेतलेली. त्याखाली सामान्य माणसानं जे लिहिलं त्याला दोनशे लोक खदाखदा हसले. नणंदेनं खातं बंद केलं आणि फोन म्हणजे फक्त फोन असं ठरवून टाकलं. कुणी लिहिलं ते बाईंनी तिला सांगितलं नव्हतं. रोज त्याच माणसाची पत्रं टाइप करून घरी यायचं आणि तिच्या गुडघ्याला तेल चोळायचं. घरातसुद्धा पोचपावतीच, दुसरं काय.

आताही नाव घेतलं नाहीच. नणंदेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, बदलून टाक की. माझ्या गुडघ्यांपायी त्या बापड्याच्या पोरीच्या ताटातलं कशाला काढायचं?"

चर्चेची बैठक सरांच्या खोलीत भरली. सर मोठ्या खुर्चीत, मुदतवाढ कोपऱ्यात कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन, बाई बिनहाताच्या खुर्चीवर. समितीचे सदस्य म्हणून पोचपावतींनाही यावं लागलं. त्यांना निमंत्रण लेखी गेलं होतं. ते येऊन खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत बसले. मामा चहाचे कप मांडायला आले आणि मांडतच राहिले.

सरांनी प्रस्तावना केली. लोकशाहीत संवादाचं स्थान, प्राचीन काळापासून. अर्ध्या तासानं ते चौथ्या प्रकरणाशी आले. म्हणाले, बाईंचा दोष नाही, पण पाहू या त्यांना काय खटकलं. आणि त्यांनी गठ्ठ्यातून एक कागद काढला. नेमका तोच काढला असं नाही. चारशे अकरांतला कुठलाही निघाला असता. त्यांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि वाचायला लागले. काय ते वाचन! जिथं थांबायचं तिथं थांबत होते, जिथं भुवई उचलायची तिथं उचलत होते. तोंडपाठ होतं, कागद नुसता लाजेकाजेस्तव.

"'भगिनी, थांब्यावर बाक नसल्याने आपणांस उभे राहावे लागले, ही खेदाची बाब. तथापि बसून विचार करण्याची सवय आपणांस असावी, असे आपल्या लेखनावरून वाटत नाही. तेव्हा नुकसान फारसे झाले नसावे.'" सरांनी कागद खाली ठेवला. ओठांच्या कडेला किंचित हसू राहिलं होतं, गोड खाल्ल्यावर राहतं तसं. "यात तुच्छ काय आहे, बाई? नर्मविनोद आहे. भगिनी म्हटलंय."

बाई म्हणाल्या, "ती भगिनी माझी नणंद आहे. त्यानंतर तिनं कुठं एक अक्षर लिहिलं नाही."

पोचपावतींनी झाडाकडे आणखी निरखून पाहिलं. मामांच्या हातातली बशी कपाला लागून वाजली.

सरांनी चष्मा काढून ठेवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की हे व्यक्तिगत झालं. संशोधन नणंदांवर चालत नाही. आणि या नागरिकाला बिचाऱ्याला काय ठाऊक, समोर कोण आहे. उलट त्याचा संयम पाहा. मग पोचपावतींकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. तेवीस वर्षांत त्यांनी शेजाऱ्याला तोंडी विचारलेला बहुधा हा पहिलाच प्रश्न. पोचपावती म्हणाले, मत लेखी कळवतो.

सर मुदतवाढकडे वळले. त्यानं मान खाली घातली. गठ्ठ्याच्या कडा तो अंगठ्यानं सारख्या करत होता, सारख्याच होत्या. बाईंना त्याच्या शर्टाच्या कॉलरची आतली बाजू दिसली, उलटून परत शिवलेली. महिनाअखेर सहा दिवसांवर आली होती.

"द्या तो तक्ता," बाई म्हणाल्या. "बदलते मी."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मामांना आठवलं की चहा ओतायचा राहिलाय. तक्ता आला. बाईंनी पेन काढलं आणि पहिल्या ओळीत 'तुच्छ' खोडून 'संयत' लिहिलं. हात सवयीचा होता, भराभर चालत होता. वीसेक ओळी झाल्यावर शेवटचा रकाना आडवा आला. बदलाचं कारण. नियमानं ते रिकामं ठेवता येत नव्हतं, आणि पेनात शाई होती पण बाईंपाशी कारण नव्हतं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

सर खुर्चीत मागे रेलले. हे तर त्यांचं रोजचंच होतं, त्यांनी सांगायचं आणि बाईंनी उतरवायचं. त्यांनी डोळे मिटले.

"लिहा. दुसऱ्या वर्गीकरणकर्तीचे शिक्षण मर्यादित असल्याने, स्वल्पविराम, नर्मविनोद आणि अपमान यांतील भेद त्यांच्या आकलनापलीकडचा आहे. पूर्णविराम. सदर बाब खेदाची असली तरी, स्वल्पविराम, त्यांची पार्श्वभूमी पाहता अनपेक्षित नाही."

बाईंनी लिहिलं. कान तापले होते, पण अक्षर वळणदार आलं. एकसष्ट प्रबंध टाइप केलेली बाई. स्वल्पविराम जिथल्या तिथं दिले. मग दुसऱ्या ओळीच्या रकान्याकडे वळल्या, कारण तेच वाक्य अजून चारशे दहा वेळा लिहायचं होतं.

मुदतवाढ उठला. गठ्ठा मांडीवरून घसरला आणि कागद फरशीभर झाले, त्याच्या ते लक्षात आलं नाही. तो टेबलाशी आला आणि त्यानं तळहात तक्त्यावर ठेवला, बाईंच्या पेनाच्या अगदी पुढ्यात. सरांनी डोळे उघडले आणि आदरपूर्वक विचारलं की आपणांस काही शंका आहे का.

"शंका नाही, सर," तो म्हणाला. "तो सामान्य माणूस तुम्ही आहात. इथं सगळ्यांना माहीत आहे."