रविवारचं भांडण

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरीची घडी दोघींनी घालायची असते. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. झटका द्यायचा, ताण द्यायचा, आणि चालत चालत एकमेकींपाशी यायचं. बोटांना बोटं लागली की एक घडी झाली. धुलाईघरातली सगळी सुखदुःखं, सगळ्या चहाड्या या चार पावलांच्या चालण्यातच व्हायच्या.

त्या दिवशी तिनं चादर उचलली, झटकली, आणि समोर कोणी नव्हतं.

"ए ठसके, धर की."

ठसका ही तिची जुनी जोडीदारीण. हसता हसता ठसका लागायचा, म्हणून ते नाव पडलेलं. आज ठसका हसत नव्हती. ती उशांचे अभ्रे मोजल्यासारखं करत भिंतीकडे बघून म्हणाली, "माझा भाऊपण फौजेत होता. पगारासाठी गेला होता बरं का. पायपण पगारासाठीच ठेवून आला तिकडे."

"अगं, मी तसं नाही गं म्हटलं."

"तू नाही? मग टीव्हीवर काय तुझी जुळी बहीण बसली होती?"

वाफेच्या पलीकडून दोघीतिघी हसल्या. त्या हसण्याला दात होते. तिनं चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढलं, आणि एकटीनंच घडी घातली. वाकडी आली. सुपरवायझरनं ती तिच्या देखत मोडून परत टोपलीत टाकली.

झालं होतं ते असं. लढाईतून आलेली जखमी पोरं दवाखान्यात होती, आणि त्यांचं चित्रण करायला चॅनेलवाले आले होते. ज्या चॅनेलच्या खाली लाल पट्टी पळते ते. सगळे त्याला लालपट्टीच म्हणत. धुलाईघरातल्या एका बाईचा मुलगा आघाडीवर आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. माईकवाल्या तरुणानं तिला खुर्चीत बसवलं, तिच्या पदराला छोटा माईक टाचला, आणि फार गोड आवाजात समजावलं.

"ताई, माझा आवाज आम्ही नंतर काढून टाकतो. म्हणून मी जे विचारेन ते आधी तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मग त्यावर बोलायचं. नाहीतर बघणाऱ्याला काही कळत नाही. जमेल?"

तिला वाटलं, यात काय न जमायचं. शाळेत बाई विचारायच्या तेव्हा असंच पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागायचं. ती सरसावून बसली.

तरुणानं विचारलं, "काही लोक म्हणतात, पोरं पगारासाठी फौजेत जातात. तुम्ही काय म्हणाल?"

तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. "पोरं पगारासाठी फौजेत जातात," ती म्हणाली. "माझाही गेला. त्याचे वडील वारले आणि घरात दुसरं कोणी कमावतं नव्हतं. पण पगार घ्यायला गेलेला माणूस पगारासाठी मरत नाही हो. शेजारी जो उभा असतो ना, त्याला टाकून कसं यायचं, म्हणून तो तिथं थांबतो. माझा थांबलाय."

तरुण म्हणाला, "वा, ताई." कॅमेरावाल्यानं अंगठा वर केला.

संध्याकाळी टीव्हीवर तिची दोनच वाक्यं आली. पोरं पगारासाठी फौजेत जातात. माझाही गेला. एवढीच. पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं, जसं माशाचं. खाली लाल अक्षरांत पळत होतं: सैनिकाच्या आईकडूनच सैनिकांचा अपमान. चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, आणि त्यातला एक विचारत होता की या बाईला देशात ठेवायची तरी कशाला.

दुसऱ्या दिवशी निळीपट्टी जागी झाली. लालपट्टीशी हाडवैर असलेलं ते चॅनेल. त्यांनीही तीच दोन वाक्यं दाखवली, फक्त खाली लिहिलं: एका आईनं फोडलं सत्य. एकाला ती हडळ हवी होती, दुसऱ्याला देवी. बाई कोणालाच नको होती.

घराच्या दारावर कोणीतरी काळं ऑईल ओतून गेलं. मधल्या भिंतीपलीकडे थोरली जाऊ राहायची, ती चोळून चोळून पायरी धूत होती, पण तिच्या बाजूची.

"आमच्या घरात असली बोलणी कधी झाली नाहीत हो," जाऊबाई रस्त्याला ऐकू जाईल अशी बोलली. "माझे दीर देवमाणूस होते. बरं झालं, बघायला राहिले नाहीत."

"जाऊबाई, तुम्ही तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवलात म्हणे."

"पाठवला. लपवायचं मला काय कारण? तोंड तुझं, बोल तुझे."

निळीपट्टीची बातमीदार मुलगी तिला दवाखान्याच्या फाटकाशी गाठायला आली. केस आखूड, चेहरा प्रेमळ. "मावशी, तुम्ही फार मोठं काम केलंत," ती म्हणाली. "तुम्ही एकट्या नाही. आम्ही आहोत ना तुमच्याबरोबर."

"मग माझं पुढचं बोलणं दाखवा."

"ते फुटेज त्यांच्याकडे आहे, मावशी."

"मी आता म्हणते. धर तुझा माईक." आणि तिनं पहिल्यापासून सगळं म्हटलं. मुलगी मान डोलावत होती. 'पण' आला तसा माईक हळूहळू खाली उतरला.

"मावशी, हे शेजारी उभा असतो वगैरे नको. त्यानं जोर जातो."

"कशाचा जोर?"

"मुद्द्याचा."

"मुद्दा तुझा, बाई. पोरगा माझा आहे." ती चालू लागली. मागून कॅमेरा तिची पाठ टिपत राहिला, आणि ती पाठही रात्रीच्या बातम्यांत लागली. 'घाबरवलेली आई' म्हणून.

हे सगळं तिनं गिळलं असतं. माणसांचं बोलणं म्हणजे साबणाचा फेस, चार पाण्यांत निघून जातो, असं ती मनाला सांगत होती. पण बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला, आणि पलीकडून लेक कुजबुजला.

"आई, मी."

"चिमण्या! कुठून बोलतोयस रे? हा कोणाचा नंबर?"

"एकाकडून मोबाइल मागून घेतलाय. सामानाच्या खोलीमागे आहे. आई, तू तसं बोललीस?"

"अर्धं."

"अर्धंच असणार. 'पण' म्हटल्याशिवाय तुझं बोलणं कधी संपलंय?" तो थोडासा हसला. तिनं वाट पाहिली. लहानपणी पडून आला की असाच आधी हसायचा, मग सांगायचा.

"आई, इथं पहारा जोडीनं असतो. एक पुढे बघतो, एक मागे. माझ्या जोडीला कोणी उभं राहायला तयार नाही. म्हणतात, पगारवाल्याच्या भरवशावर पाठ कोण देणार. दोन रात्री मी एकटाच उभा होतो."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. चादर एकटीनं घडी घालता येते. वाकडी येईल, पण येते. त्या काळोखात मात्र मागून कोण आलं, हे त्याला कोण सांगणार?

"साहेब काय म्हणतात?"

"लालपट्टीची माणसं आलीत. साहेब म्हणतात, कॅमेऱ्यासमोर आईचा निषेध कर, विषय संपेल, पोरं तुला परत घेतील. मी नाही म्हणालो."

"का?"

"का म्हणजे? तुला जगासमोर शिव्या घालू?"

"घाल."

"आई!"

"आई काय आई? जग घालतंय फुकटात, तू घातल्यास तर काही कामाला तरी येतील. काय म्हणशील, म्हणून दाखव."

तो अडखळला. "माझ्या आईचं वक्तव्य मला पटलेलं नाही."

"हे काय? सोसायटीच्या मीटिंगला आलायस? लाज वाटते म्हण. मला माझ्या आईची लाज वाटते."

"आई, हे नको ना."

"म्हण, राजा."

त्यानं म्हटलं. पाढे म्हणायचा तसं, खाली मान घालून म्हटलेलं तिला इथून दिसलं.

"असं मिळमिळीत नको. छाती पुढे काढ. आणि खोटं बोलताना तुझा डावा कान हलतो. टोपी घाल."

"तुझ्याशी आता बोलता येणार नाही मग, आई. हा मोबाइल पुन्हा मिळायचा नाही, आणि चौकीतला फोन एकच, सगळ्यांच्या मध्ये. तुझ्याशी गोड बोललेलं कोणी ऐकलं तर..." आणि त्याचा आवाज एकदम तुटला. कोणीतरी आलं असावं.

शुक्रवारी चहाच्या वेळेला धुलाईघरातल्या टीव्हीवर तो दिसला. वाळला होता. टोपी कानांवर ओढलेली. बायका चहाचे कप धरून उभ्या राहिल्या, आणि तीही उभी राहिली, सगळ्यांच्या मागे.

"मला माझ्या आईची लाज वाटते," तो म्हणाला. छाती पुढे, आवाज खणखणीत. तिनं मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आजपासून ती माझी आई नाही."

हे वाक्य तिनं दिलेलं नव्हतं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरनंसुद्धा वाजवल्या. ठसकाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वळली, टोपलीतून एक चादर काढली, आणि कितीतरी दिवसांनी तिचं दुसरं टोक धरलं.

"लेक सोन्यासारखा आहे तुझा," चालत जवळ येत ठसका म्हणाली. "तुझ्यासारखीच्या पोटी कसा आला, देव जाणे."

बोटांना बोटं लागली. तिनं मान खाली घातली, कारण मान वर केली असती तर सगळं सांगून बसली असती. आणि सांगण्यासारखं तरी काय उरलं होतं? शेवटचं वाक्य कोणी दिलं होतं त्याला? साहेबानं? चॅनेलवाल्यानं? की दोन रात्री एकटं उभं राहिल्यावर ते त्याच्या आतूनच आलं होतं? दोन दिवस तिला घास गोड लागला नाही.

रविवारी सकाळी फोन वाजला. चौकीचा नंबर. जाऊबाई विरजण मागायच्या निमित्तानं आत आलीच होती. नंबर बघून ती पाटावर फतकल मारून बसली. "स्पीकरवर टाक," ती म्हणाली. "आम्हालाही ऐकू दे, वंशाचा दिवा काय म्हणतो ते."

तिनं स्पीकर लावला.

"हॅलो!" आवाज परक्यासारखा, मोठा. त्याच्यामागे भांड्यांचे आवाज, माणसांची खोकणी, कोणाचं तरी हसणं. "एकदाच सांगायला फोन केलाय. टीव्हीवर बोललो ते मनापासून बोललो!"

जाऊबाईचे डोळे चमकले. म्हणजे ते शेवटचं वाक्यही त्याचंच?

"तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही!" तो ओरडत होता. "मला इथं जोडीदार मिळालाय! चांगला धिप्पाड आहे! रात्रभर माझ्या पाठीला पाठ लावून उभा असतो! मला तुझी गरज नाही, कळलं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "शाब्बास!"

आतून काहीतरी वर आलं, रडू की हसू, ते तिनं दातांखाली धरलं. मग तिनं कमरेला पदर खोचला आणि आवाज चढवला.

"नाही ना गरज? मग लोकरीचे मोजे कशाला मागितले होतेस? विणून तयार आहेत. चुलीत घालते!"

"घाल! मला इथं मिळालेत, दोन-दोन जोड!"

"आणि तो खोकला? माझे तळतळाट लागून अजून छातीत बसला असेल!"

"गेला खोकला! कधीच गेला! नाही लागत तुझे तळतळाट!"

"गिळतोस तरी का वेळेवर, बेशरमा?"

"पोटभर! तुझ्या हातचं तर मला आठवतसुद्धा..." आवाज घसरला. तिला तो घसरलेला कळला. मागच्यांना कळायच्या आत तिनं ओरडून तो झाकला.

"खबरदार माझ्या हातचं नाव काढलंस तर!"

"बंद कर गं तो फोन," जाऊबाई खूश होऊन म्हणाली. "किती ऐकून घेशील कार्ट्याचं?"

"बंद करू? इतक्यात सोडते की काय त्याला! अजून पुष्कळ बाकी आहे." तिनं फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. "ऐकतोयस ना रे? पुढच्या रविवारी हिंमत असेल तर कर फोन! बघतेच तुला!"

"करीन!" तो तिकडून गरजला. "दर रविवारी करीन! घाबरतो की काय कोणाच्या बापाला!"