सगुणाचा मोबाइल आणि ओला वारा

मी सगुणाचा मोबाइल बोलतोय. वास आला ना? येणारच. माझी मालकीण दिवाळे गावची मासळीवाली, आणि कोळंबी सोलतानाही तिला फोन हवाच! म्हणून मी सदा प्लास्टिकच्या पिशवीत.

जन्म कारखान्यातला, त्याचं काय कौतुक. आधी एका बँकेतल्या साहेबांकडे होतो. काच तडकली आणि त्यांनी मला काढून टाकलं. सगुणानं मला घेतलं ते क्रिकेटपायी. बाई भलतीच क्रिकेटवेडी! लेक जाईनं तिला एका फॅन ग्रुपमध्ये घातलं. तिथं सगळे इंग्रजीत लिहिणार, म्हणून हीसुद्धा एकेक अक्षर शोधत इंग्रजीत लिहू लागली. त्या ग्रुपशिवाय तिला करमत नाही.

आज नेरूळला मुलींची मॅच आहे. दुपारी अंगणात सुकत घातलेले बोंबील सगुणानं दोन बोटांनी चाचपले, ते किंचित दमट लागले, तसं तिनं ग्रुपवर लिहिलं, की चारनंतर ओला वारा येईल, बॉल स्विंग होईल, आपल्या पोरींनी सांभाळून खेळावं.

खांदेश्वरच्या आशुतोषनं इंग्रजीत ठणकावलं, "आधी वाक्य नीट लिहा, मग क्रिकेट शिकवा." जुईनगरच्या अभिरामनं आशुतोषच्याच वाक्यातली चूक काढली. झालं! दोघे हमरीतुमरीवर आले, बाकीचेही बाह्या सरसावून धावले. व्याकरणावर शंभरावर मेसेज, पण वाऱ्याबद्दल एकानं विचारलं असेल तर शपथ! कमाल आहे बुवा या माणसांची.

सगुणाचे डोळे भरले. ग्रुप सोडायच्या बटणावर तिचं बोट आलं. माझा जीव खालीवर.

"आई, नको ना," जाई म्हणाली.

"माजं इंग्लिश वाकडं हाय गो. पन वारा मला कलतो."

तेवढ्यात चार वाजले. ओल्या वाऱ्यानं अंगणातले बोंबील नरम पडले, आणि टीव्हीवर आपली एक विकेट गेली. मग दुसरी. तिसरी! मी थक्क झालो. अहो, मला हवामान सांगायचं तर आभाळातून निरोप यावा लागतो. हिला दोन बोटं पुरली!

मग आशुतोषचा मेसेज आला, चक्क मराठीत: "सगुणाताई, चुकलं माझं. हा वारा कधी पडेल?"

ती अंगणात बघायला गेलीय. सगळा ग्रुप तिच्या उत्तरासाठी ताटकळलाय. माझी बॅटरी पार थकलीय, दोनच टक्के उरलेत. उद्या मला खुशाल भंगारात घाला, पण आज हिला लिहू द्या. अहो, कुणीतरी चार्जर आणा हो!