शालीखालचा हात

रंगरावांनी भीमराजच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि फोटोवाल्याला थांबवून शालीचं डावं टोक पुन्हा एकदा खाली ओढलं. आता शालीतून फक्त उजवा हात बाहेर होता. डाव्या हाताची तीन बोटं आखातातल्या एका पत्रा कापायच्या मशीनने ठेवून घेतली होती, आणि असल्या गोष्टी सत्काराच्या फोटोत शोभत नाहीत.

निगडीच्या नाक्याजवळ, आखातात कामगार पाठवणाऱ्या रंगरावांच्या कचेरीपुढे मांडव होता. साल एक्क्याऐंशी. परदेशातून आलेल्या कामगाराचा सत्कार करायची पद्धत रंगरावांनीच पाडली होती. एकाच्या अंगावरची शाल पाहून दहाजण जायला तयार होत. भीमराजला तर विमानतळावरून, घरीही न जाऊ देता, थेट मांडवात आणलं होतं. समोर भोसरीची, चाकणची, मराठवाड्यातून पोटासाठी आलेली पोरं बसली होती. त्यांचे पासपोर्ट कचेरीतल्या लोखंडी कपाटात होते आणि कपाटाची किल्ली रंगरावांच्या करगोट्याला.

पहिल्या रांगेत चिमाबाई होत्या. त्यांचा ज्ञानदेव भीमराजबरोबरच गेला होता. तो अजून तिकडेच होता, कारण त्याची दहाही बोटं शाबूत होती. तिकडची कंपनी उतरल्या उतरल्या पासपोर्ट काढून घेई आणि मोडलेल्या माणसालाच तेवढा परत देई.

"चार शब्द गोड बोल," रंगराव कानाशी लागले. "ज्ञानदेवचं सुटणंही माझ्याच हातात आहे, भावा."

भीमराज माईकपुढे गेला.

"रंगरावांनी सांगितलं तसंच हाय सगळं. खोल्या अशा, की शेजाऱ्यानं कूस बदलली की आपली आपोआप बदलती. पाणी जपून देत्यात, पोट बिघडू न्हाई म्हणून. पासपोर्ट तर कंपनीच सांभाळती, आपल्याला वागवायचा तरास न्हाई."

पोरं हसली. रंगरावही हसले, जरा उशिराने.

"पण एक खटकतं. एवढी सोन्यासारखी जागा, आन् गेलो कोण? आमी, परके. पयला मान घरच्याचा असतो, राव!"

डावा हात हळूच खिशात सारून त्याने उजव्या हाताने शाल उतरवली आणि कडेला पानसुपारीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या विलासच्या खांद्यांवर घातली. विलास रंगरावांचा एकुलता एक, शिकलेला फिटर.

"या खेपेला पोरांचा म्होरक्या आपला विलास!"

टाळ्या कडाडल्या. विलासचा चेहरा उजळला. वर्षभर तो बापाकडे हाच हट्ट धरून होता, आणि जगाला पाठवणारा बाप आपल्यालाच का अडवतो, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. सगळ्या नजरा रंगरावांकडे वळल्या. नाही म्हणावं तर उद्या कपाट रिकामं. रंगरावांनीही टाळ्या वाजवल्या.

मांडवामागे चहाच्या स्टोव्हपाशी त्यांनी भीमराजला गाठलं.

"त्याला उन्हाचा त्रास आहे रे."

"हे माईकवर सांगा की."

"एकुलता एक आहे, भीमराज."

"चिमाबाईचा बी एकच हाय." भीमराजने चहाचा घोट घेतला. "विलासला खरं काय ते मी सांगीन. तुमचं तो ऐकायचा न्हाई. पण ज्ञानदेव आल्यावर. तवर माझा हात खिशात."

पोरांची रवानगी आधी दसऱ्यावर गेली, मग दिवाळीवर. कारण विचारलं की रंगराव तिकडच्या हवामानाला नावं ठेवत. इकडे विलासने बॅग भरून ठेवली. चिमाबाईंना कचेरीच्या पायरीवरही उभं न करणारे रंगराव आता त्याला सोडा म्हणून कंपनीला तारा करकरून थकले आणि स्वतःच त्यांच्या दारात जाऊन विचारू लागले, "ज्ञानदेवचं काही कळलं का हो?"

दिवाळी सरली आणि मुंबईच्या एसटीतून ज्ञानदेव नाक्यावर उतरला. चिमाबाईंनी आधी त्याची बोटं चाचपली, मग तोंडावरून हात फिरवला. रंगराव हार घेऊन उभे होते. शेजारी शाल पांघरलेला विलास, आणि खिशात हात घातलेला भीमराज.

"सांग आता त्याला," रंगराव भीमराजच्या कानाशी पुटपुटले.

विलासच पुढे झाला. "भीमराजदादा, तिकडं जाताना काय काय नेऊ?"

भीमराजने खिशातून डावा हात काढला आणि त्याच्यापुढे केला. विलासने तो हातात घेतला. धरण्यासारखं त्यात फार नव्हतं, तरी बराच वेळ त्याने सोडला नाही. मग ज्ञानदेवकडे पाहिलं. ज्ञानदेवने मान खाली घातली.

विलासने शाल काढली, नीट घडी केली आणि चिमाबाईंच्या हातात दिली.

"बाबा, कपाटाची किल्ली द्या. पोरांचे पासपोर्ट वाटून येतो."

रंगरावांचा हात कमरेकडे निघाला आणि वाटेतच थांबला. हातात हार होता. तो आधी कुणाच्या तरी गळ्यात घालणं भाग होतं. त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

कुणीच मान पुढे करेना.